शेवंती रात्र मोजते

गोव्यात चवथ जवळ आली की म्हापसा, फोंडा, डिचोलीच्या बाजारात फुलांचे ढीग पडतात. त्यातली पिवळी-पांढरी शेवंती बहुतेक घाटावरून आलेली असते. ज्यांनी हौसेनं परसात चार रोपं लावलेली असतात, त्यांची तक्रार ठरलेली: झाड जोमात आहे, शेणखत घातलं, पाण्याचा निचरा चांगला आहे, पण चवथ आली तरी कळीचा पत्ता नाही. मग दिवाळीच्या सुमारास, कुणी काही न करता, तेच झाड फुलांनी लगडतं.

झाडात काही खोट नसते. खत कमी पडलेलं नसतं. झाड रात्र पुरेशी लांब होण्याची वाट बघत असतं. हे एकदा नीट कळलं की शेवंतीला हव्या त्या सणाला फुलावर आणता येतं, नाताळातलं लाल पानांचं झाड का रंगलं नाही ते कळतं, वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हंगामातल्या, भाताची जात का वेगळी निवडावी लागते तेही उलगडतं. मला स्वतःला वनस्पतिशास्त्रात याच्याइतकी सुंदर दुसरी गोष्ट माहीत नाही.

आधी आपल्या इथल्या दिवसाचं माप बघू. पणजी विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेपंधरा अंशांवर आहे. २१ जूनच्या आसपास आपल्याकडे सूर्य सुमारे १३ तास वर असतो, २१ डिसेंबरच्या आसपास सुमारे सव्वाअकरा तास. म्हणजे वर्षभरात फरक जेमतेम पावणेदोन तासांचा. लंडनमध्ये हाच फरक साडेआठ तासांहून जास्त आहे. माणसाला गोव्यातला फरक फारसा जाणवतही नाही. आपण ऋतू ओळखतो ते पावसावरून आणि उकाड्यावरून. झाडाला मात्र तो पुरतो, आणि तो खात्रीचा असतो. पाऊस एखाद्या वर्षी उशिरा येईल, थंडी पडणारच नाही, पण १५ सप्टेंबरची रात्र दरवर्षी तेवढीच लांब असते. ज्याला वेळेवर फुलून, वेळेवर बी धरायचं आहे, त्याला याहून भरवशाचं पंचांग नाही.

किती बारीक फरक झाडाला कळतो? मलाक्का विषुववृत्तापासून फक्त दोन अंशांवर आहे. तिथे वर्षातल्या सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड दिवसात १४ मिनिटांचा फरक. तरीही तिथे सयाम २९ नावाची भाताची जात वेगवेगळ्या महिन्यांत पेरली, तेव्हा ती फुलोऱ्यावर यायला कधी साडेपाच महिने लागले, तर कधी जवळजवळ अकरा. चौदा मिनिटांच्या आत जे घडतं त्यावर भाताचं रोप निर्णय घेत होतं.

तंबाखूचं न फुलणारं झाड

ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानात आली ती अमेरिकेत, एका अडेलतट्टू तंबाखूमुळे. मेरीलँड मॅमथ नावाचा हा तंबाखू उन्हाळाभर नुसता वाढायचा. उंची माणसाच्या दुप्पट, पानं शंभराच्या घरात, आणि फूल नाही. फूल नाही म्हणजे बी नाही, म्हणून त्याचं वाण टिकवणं अवघड. पण थंडीत काचघरात ठेवलं की हेच झाड लहान असतानाच फुलायचं. वाइटमन गार्नर आणि हॅरी अ‍ॅलार्ड हे दोघे अमेरिकेच्या कृषी खात्यात काम करत होते. त्यांनी तापमान, ओलावा, खत, सगळं तपासून पाहिलं. शेवटी ऐन उन्हाळ्यात रोपं दुपार कलल्यावर अंधाऱ्या खोपटात नेऊन ठेवायची आणि सकाळी उशिरा बाहेर काढायची असं सुरू केलं. उन्हाळा चालू असतानाच झाडं फुलली. सोयाबीनवरही असाच प्रयोग झाला. बायलॉक्सी नावाच्या जातीचं बी वेगवेगळ्या तारखांना पेरलं तरी सगळी रोपं जवळपास एकाच वेळी फुलली. आधीची मोठी होऊन, नंतरची लहान असतानाच. १९२० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि दिवसाच्या लांबीला झाडाने दिलेल्या या प्रतिसादाला फोटोपिरिअडिझम असं नाव मिळालं.

त्यांच्याही आधी, १९१२ ते १९१४ च्या दरम्यान, फ्रान्समध्ये ज्युलियन तूर्न्वा हा तरुण संशोधक हॉप नावाची वेल आणि भांग या दोन्हींवर काम करत होता. काचघरात हिवाळ्यात पेरलेली भांग अगदी चिमुकली असतानाच फुलते, हे त्याच्या लक्षात आलं, आणि कारण प्रकाशाच्या कमी तासांत आहे इथपर्यंत तो पोचलाही होता. रात्रीची लांबी महत्त्वाची असावी असंही त्याने लिहून ठेवलं. पहिल्या महायुद्धात तो मारला गेला आणि काम तिथेच थांबलं. या विषयाच्या इतिहासात त्याचं नाव पहिलं यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मोजमाप अंधाराचं

गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी झाडांचे गट पाडले ते दिवसाच्या लांबीवरून. दिवस आखूड झाले की फुलणारी, म्हणजे लघुदिन झाडं: शेवंती, भात, भांग, आणि पॉइन्सेटिया म्हणजे नाताळातलं ते लाल पानांचं झाड. दिवस लांब झाले की फुलणारी, म्हणजे दीर्घदिन झाडं: पालक, मुळा, ड्रॅगन फ्रूट. आणि ज्यांना दिवसाशी देणंघेणं नाही अशी: टोमॅटो, काकडी. पुस्तकांत ही नावं अजून तशीच आहेत, पण ती थोडी फसवतात. कारण झाड दिवस मोजत नाही.

हे १९३८ साली कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी दाखवलं. त्यांनी घेतलं शंकेश्वराचं रोप. कपड्यांना चिकटणारी काटेरी फळं येतात ते हे तण, आपल्याकडेही नदीकाठी, पडीक जागी मिळतं. याला साडेआठ तासांहून लांब अशी एक रात्र मिळाली तरी पुरते, फक्त एक. पुढे कसाही प्रकाश असला तरी ते फुलतं. त्यांनी दिवसाच्या मधोमध थोडा वेळ अंधार करून पाहिला, रोपाला काहीच फरक पडला नाही. मग लांब रात्रीच्या मधोमध एक मिनिटभर दिवा लावला. रोप फुललं नाही.

झोपलेलं मूल मध्येच उठवलं की अंगाई पुन्हा पहिल्यापासून म्हणावी लागते, तसा झाडाचा हिशेब होतो. चौदा तासांची रात्र मधोमध तोडली तर झाडाच्या लेखी त्या दोन आखूड रात्री होतात. म्हणून शेवंतीला लघुदिन म्हणण्यापेक्षा लांब, सलग रात्रीचं झाड म्हणावं, म्हणजे पुढच्या चुका होत नाहीत. एकूण अंधार किती तास मिळाला याला अर्थ नाही. तो सलग होता का, एवढंच महत्त्वाचं.

झाडाला अंधार कळतो कसा? पानांत फायटोक्रोम नावाचं एक प्रथिन असतं आणि त्याची दोन रूपं असतात. लाल प्रकाश, साधारण ६६० नॅनोमीटरचा, पडला की ते एका रूपातून दुसऱ्या, जाग्या रूपात जातं. त्याहून गडद, आपल्या डोळ्याला जेमतेम दिसणारा ७३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश पडला की परत पहिल्या रूपात येतं. अंधारात हे जागं रूप हळूहळू ओसरत जातं. उन्हात दोन्ही लाल असतात, पण पहिल्याचा जोर चालतो, म्हणून दिवसभर जागं रूप भरपूर असतं. रात्री मध्येच साधा दिवा लागला की ते पुन्हा तयार होतं.

फक्त एवढंच असतं तर फायटोक्रोम हे वाळूचं घड्याळ ठरलं असतं. पण झाडाच्या आत स्वतःचं चोवीस तासांचं घड्याळही चालू असतं. एर्विन ब्युनिंग या जर्मन शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये मांडलं होतं की हे आतलं घड्याळ आणि बाहेरचा प्रकाश यांची गाठ कुठल्या प्रहराला पडते यावर फुलणं ठरतं. पुढे जनुकांच्या पातळीवरही ते बरोबर निघालं. रात्रीच्या ठरावीक प्रहरी झाड प्रकाशाला फार हळवं असतं. त्या वेळी थोडाही उजेड मिळाला तर त्याला वाटतं, दिवस अजून लांबच आहेत. म्हणूनच संध्याकाळी सातला लावलेला दिवा जेवढं बिघडवत नाही, तेवढं मध्यरात्री लागलेला दिवा बिघडवतो.

आणि हे सगळं मोजतात ती पानं. कळी शेंड्याला येते म्हणून शेंड्याला अंधार द्यावा असं वाटेल, पण तसं नाही. मिखाइल चायलाख्यान यांनी मॉस्कोत चक्क शेवंतीवरच हा प्रयोग केला. पानांना आखूड दिवस आणि शेंड्याला लांब दिवस दिले तरी झाड फुललं. उलट केलं तर फुललं नाही. याचा अर्थ पानांत काहीतरी तयार होतं आणि ते देठातून शेंड्यापर्यंत चालत जातं. त्यांनी १९३७ च्या सुमारास त्याला फ्लोरिजेन म्हटलं. नाव मिळालं, वस्तू काही केल्या सापडेना. सत्तर वर्षं गेली. २००७ मध्ये भात आणि अ‍ॅरॅबिडॉप्सिस नावाचं मोहरीच्या कुळातलं रोप, या दोघांवर काम करणाऱ्या गटांनी दाखवून दिलं की तो निरोप म्हणजे एक छोटं प्रथिन आहे, पानात बनणारं आणि अन्नरसाबरोबर शेंड्याकडे जाणारं.

यातून बागेसाठी एक सरळ गोष्ट निघते. फुलावर आणायच्या आधी झाडाला निरोगी, पुरेशी पानं हवीत. चार पानांच्या रोपाला लांब रात्री दिल्या तर ते फुलेल, पण खुरटं राहून, एखाद्याच फुलावर.

चवथीसाठी उलटं गणित

आता शेवंती. बहुतेक जातींना कळी धरायला रोजचा प्रकाश साडेतेरा तासांच्या आत यावा लागतो, आणि धरलेली कळी पुढे नीट वाढायला तो आणखी कमी, बारा तासांच्या आसपास लागतो. यात पहाटेचा आणि संध्याकाळचा संधिप्रकाशही धरायचा. सूर्योदयाआधी आणि सूर्यास्तानंतर वीस-वीस मिनिटं तरी झाडाच्या लेखी दिवसच असतो. म्हणजे जून-जुलैत गोव्यातला १३ तासांचा दिवस झाडासाठी पावणेचौदाच्या जवळ जातो. म्हणूनच पावसाळ्यात ते नुसतं पाल्यात वाढतं. ऑगस्ट संपता संपता रात्री लांबू लागतात, झाडाच्या आत गणित फिरतं, आणि तिथून जातीनुसार आठ ते अकरा आठवड्यांनी फूल उमलतं. दिवाळीचा मुहूर्त शेवंतीला आपसूक साधतो तो असा.

या आठवड्यांनाच नर्सरीवाले महत्त्व देतात. रोप घेताना रंग, पाकळी विचारतो त्याआधी हे विचारावं: लांब रात्र सुरू झाल्यापासून फुलायला किती आठवडे? उत्तर नऊ आठवडे असेल असं धरू. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तिथून ६३ दिवस मागे गेलं की ६ सप्टेंबर येतो. त्या सुमारास रात्री आपोआप हव्या तेवढ्या लांबलेल्या असतात, आपण काही करायचं नसतं. फक्त त्याआधी झाड भरलेलं असावं. जूनच्या पहिल्या पावसात कलमं लावली, रुजल्यावर शेंडे खुडले, ऑगस्टच्या मध्यानंतर खुडणं थांबवलं, की झालं. उशिरा खुडलं तर धरू लागलेली कळीच हातात येते.

चवथ त्याच वर्षी १४ सप्टेंबरला आहे. नऊ आठवडे मागे जा: १३ जुलै. तेव्हा गोव्यात सूर्य सव्वासहाच्या आसपास उगवतो आणि सव्वासातच्या सुमारास मावळतो. रात्र फार आखूड. ती आपल्याला बनवावी लागते. १३ जुलैपासून रोज संध्याकाळी झाडांवर काळं कापड ओढायचं आणि सकाळी काढायचं, मधे तेरा-चौदा तासांचा अंधार मिळेल असं. आणि फुलावर आणण्याआधी झाडाला पाच-सहा आठवडे वाढीला हवेत, तेव्हा कलमं मेअखेर किंवा जूनच्या आरंभी लागायला हवीत. कळ्यांना रंग दिसू लागला की कापड थांबवलं तरी चालतं.

कागदावर हे सोपं दिसतं. गोव्याच्या जुलैत ते कठीण आहे, आणि घाटावरचे शेतकरी आपल्याला मागे टाकतात ते इथे. काळ्या कापडाखाली हवा कोंडते. आर्द्रता आधीच टोकाला गेलेली असते, त्यात पानावर पाणी साचलं की बुरशी हमखास येते. उष्णतेचा दुसरा त्रास जास्त छुपा आहे: कापडाखाली फार गरम झालं तर रात्र बरोबर मोजूनही कळी रखडते, नऊ आठवड्यांचे अकरा होतात, आणि चवथ निघून जाते. म्हणून कापड पाचला न ओढता ऊन पूर्ण उतरल्यावर, साडेसहाच्या पुढे ओढावं आणि सकाळी आठच्या सुमारास काढावं. अंधाराचे तास तेवढेच राहतात, उकाडा कमी होतो. वर पावसापासून पारदर्शक छप्पर, खाली कापड, आणि बाजूंनी हवा खेळेल पण उजेड शिरणार नाही अशी दुहेरी कड. घरच्या दहा-बारा कुंड्यांसाठी तर जाड काळ्या कापडाची, बांबूच्या चौकटीवर बसणारी खोळ पुरते. एका रात्री विसरलं तर फार बिघडत नाही. पण पहिल्या तीन आठवड्यांत दर दोन दिवसांनी विसरलं तर झाड गोंधळतं. अर्धवट कळ्या, पाकळ्यांऐवजी पानांसारखे पुंजके, असं काहीतरी हाती येतं.

उलट प्रश्नही असतो. फेब्रुवारी-मार्चात, शिगम्याच्या आणि लग्नांच्या दिवसांत फुलं हवी असतील तर रोपं नोव्हेंबर-डिसेंबरात लावावी लागतात. तेव्हा रात्री मुळातच लांब, त्यामुळे रोप वीतभर झालं की लगेच कळी धरतं. दांडा आखूड, फूल बारीक. इथे रात्र तोडायची. रात्री दहा ते दोन झाडांवर दिवे लावतात. लागणारा उजेड थोडाच असतो, पानावर सुमारे शंभर लक्स, घरातल्या साध्या खोलीइतका. पूर्ण चार तास दिवा हवाच असंही नाही. दर अर्ध्या तासात दहा मिनिटं लागला तरी झाड फसतं आणि वीज वाचते. बंगळूरच्या आसपास, चिक्कबळ्ळापूरकडे रात्री दिव्यांच्या माळा लावलेली शेवंतीची शेतं दिसतात ती यासाठीच. झाड गुडघ्याएवढं झालं की दिवे बंद. तिथून आठवडे मोजायला सुरुवात.

माझं मत विचाराल तर गोव्यात चवथीच्या शेवंतीमागे घाम गाळण्यापेक्षा हा दुसरा मार्ग जास्त शहाणपणाचा आहे. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचं तापमान वीस अंशांपर्यंत उतरतं, हवा कोरडी असते, बुरशी कमी आणि कळी रखडत नाही. शेवंतीच्या वळेसराला, म्हणजे गजऱ्याला, तेव्हाही गिऱ्हाईक असतंच.

गांजाचं काय

या विषयावर इंटरनेटवर सर्वांत जास्त लिहिलं जातं ते शेवंतीबद्दल नसून गांजाबद्दल असतं, म्हणून त्याबद्दलही स्पष्ट लिहितो. भांगेचं झाड तूर्न्वाने पाहिलं तसंच लांब रात्रीचं आहे. हिमालयात रानात ते पावसाळा सरत आला की फुलतं. कॅनडात २०१८ पासून ही शेती कायदेशीर आहे, आणि तिथले परवानाधारक उत्पादक बंद खोलीत झाड आधी १८ तास प्रकाशात वाढवतात आणि फुलावर आणायचं तेव्हा प्रकाश १२ तासांवर आणतात. बारा हा आकडा झाडाचा नव्हे, माणसाच्या सोयीचा आहे. बऱ्याच जाती त्याहून जास्त प्रकाशातही फुलावर येतात, पण बारा तासांची रात्र सगळ्यांना पुरते, म्हणून तो रुळला. उत्तरेच्या थंड मुलुखातल्या काही जाती मात्र रात्र मोजतच नाहीत, वयाने फुलतात. तिथला उन्हाळा इतका छोटा की वाट बघायला वेळच नाही. रात्री कुठून उजेड झिरपला तर मादी झाडावर नर फुलं येण्याचा धोका असतो, हेही त्याच रात्र तुटण्याचं फळ.

भारतात यातलं काहीही घरी करण्यासारखं नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय हे झाड लावणं हाच गुन्हा आहे, आणि शिक्षा दहा वर्षांच्या सक्तमजुरीपर्यंत जाऊ शकते. कायद्यात गांजाची व्याख्याच झाडाच्या फुलोऱ्यावरून केली आहे, पण लागवडीच्या गुन्ह्याला फूल यावंच लागतं असं नाही. उत्तराखंडने २०१८ पासून धाग्यासाठी हेम्पच्या, म्हणजे कमी नशेच्या भांगेच्या, लागवडीचे परवाने दिले. गोव्यात औषधी लागवडीची चर्चा झाली, परवानगी नाही. भाड्याच्या घरात दिवे लावून झाडं वाढवणाऱ्यांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या इथे अधूनमधून येतातच. रात्र मोजणं शिकायचं असेल तर शेवंती तेच शिकवते, आणि तिची फुलं देवाला वाहता येतात.

सगळंच रात्रीमुळे होत नाही

हे समजलं की माणूस प्रत्येक फुलामागे रात्रीचा हात शोधू लागतो. तो मोह टाळावा. मानकुराद आंब्याला मोहर येतो तो थंडीमुळे आणि पावसानंतरच्या कोरड्या काळामुळे. डिसेंबरात ढग आले, रात्री उबदार राहिल्या तर दिवस कितीही आखूड असला तरी मोहर लांबतो. तेरड्याचं उदाहरण आणखी मजेचं. प्रयोगशाळेत तो पक्का लघुदिन ठरला आहे, चंदीगडला त्यावर भरपूर काम झालं. पण त्याला हवी तेवढी रात्र गोव्यात पावसाळ्यातही मिळतेच. मग इथे त्याचं वेळापत्रक पाऊस ठरवतो: पाऊस पडला, बी रुजलं, झाड मोठं झालं, गौरीपर्यंत फुललं. एकच गुण, पण जागा बदलली की त्याला काही काम उरत नाही.

भाताचं मात्र रात्रीशी जुनं नातं आहे. आपल्याकडचा सरदाचा हंगाम पावसाचा. रोपं वाढतात तेव्हा रात्री हळूहळू लांबत असतात. रात्र मोजणारी जात इथे शोभते. पेरणी दोन आठवडे मागेपुढे झाली तरी सगळं शेत एकाच सुमारास, पाऊस ओसरताना निसवतं. वायंगणात उलटं. डिसेंबरनंतर रोज रात्र आखडत जाते, आणि अशी जात तिथे लावली तर ती पाल्यातच अडकण्याची भीती. दोन्ही हंगामांत चालायला रात्रीला न जुमानणारी जात हवी. १९६६ ची आयआर ८ आणि १९६८ ची जया या जातींनी पीक वाढवलं त्यात हा गुण मोठा होता. गोव्यात जया आणि ज्योती इतक्या रुजल्या त्याचं हेही एक कारण. पण रात्र न मोजणारी जात पेरणीची तारीख चुकली तर तीही सांभाळून घेत नाही. ती आपले दिवस मोजून मोकळी होते, भले तेव्हा परतीचा पाऊस कोसळत असो.

आणि म्हणूनच रस्त्याकडेच्या प्रखर दिव्यांबद्दल मला काळजी वाटते. महामार्ग रुंद झाले, शेताच्या बांधावर उंच खांब आले. रात्र मोजणाऱ्या जातीच्या भातावर असा उजेड पडला तर खांबाजवळचा पट्टा उशिरा निसवतो. उरलेलं शेत कापणीला आलेलं आणि तो पट्टा हिरवा, हे जपानमध्ये शेतकऱ्यांनी इतकं सोसलं की तिथे भातशेताजवळच्या दिव्यांवर वेगळं संशोधन झालं. दिव्याला शेताच्या बाजूने आडोसा लावणं, एवढा उपायही बराच फरक पाडतो. पंचायतीत खांबाची मागणी जाते तेव्हा आडोशाचीही जावी.

घरातल्या कुंडीलाही हाच नियम. नाताळासाठी पॉइन्सेटिया लाल व्हावा म्हणून लोक तो मुद्दाम पुढच्या ओसरीवर, चांगल्या उजेडात ठेवतात, आणि तिथे रात्री अकरापर्यंत दिवा जळत असतो. झाड हिरवंच राहतं. त्याला रंगायला सलग लांब रात्रीचे आठ ते दहा आठवडे लागतात. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापासून कुंडी संध्याकाळी सहाला वापरात नसलेल्या अंधाऱ्या खोलीत न्या, सकाळी आठला उन्हात आणा. खोली नसेल तर मोठं खोकं पालथं घाला, सापटींवर काळी पट्टी चिकटवा. आपली ओसरी पुरेशी अंधारी आहे की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. रात्री कुंडीशेजारी बसून वर्तमानपत्रातली बारीक अक्षरं वाचता आली, तर झाडासाठी तिथे अजून रात्र झालेली नाही. वरच्या पानांच्या कडा लाल होऊ लागल्या की, साधारण नोव्हेंबरच्या शेवटी, रोजची ने-आण थांबवून कुंडी पुढे आणून ठेवावी.